पेव उघडलं की लगेच उतरू नये

आमच्या घरात आजीच्या तीन गोष्टी सांगितल्या जायच्या. लग्नाला पाहुणे जमले, लाइट गेली, नाहीतर एखादा नवा जावई पहिल्यांदा जेवायला बसला की कुणीतरी त्यातली एक काढायचंच.

पहिली गोष्ट: रझाकारांच्या काळात आजी पेवात लपली आणि वाचली.

दुसरी: बहात्तरच्या दुष्काळात तिनं एक दिवसही खाडा न करता खडी फोडली आणि तीन पोरं जगवली.

तिसरी: त्र्याण्णवच्या भूकंपात ती एकटी ट्रकमध्ये चढून किल्लारीकडे मदतीला गेली आणि अकरा दिवसांनी परत आली.

सातवीत असताना मी पहिल्या गोष्टीवर भाषण केलं होतं. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. 'माझी आजी पेवात लपली, पण घाबरली नाही' असं काहीतरी जोरात म्हटल्याचं आठवतं. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. आजी मागच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "लई चांगलं बोललीस. पन मी लपले नव्हते माय. मला आत टाकलं व्हतं."

मी 'हो का' म्हटलं आणि कंपासपेटी दाखवायला शेजारी पळाले. ते वाक्य मला पुन्हा ऐकू यायला तेरा वर्षं लागली.

* * *

मार्च २०२० मध्ये मी पुण्याहून नांदेडला परत आले. कंपनीनं लॅपटॉप घरी न्यायला सांगितलं होतं, दोन आठवड्यांसाठी. मी दीड वर्ष राहिले. तरोड्यातल्या आमच्या घरात तीन खोल्या. एकीत पप्पांचे ऑनलाइन तास, एकीत भावाचा अभ्यास. माझ्या वाट्याला आजीची खोली आली. मीटिंगमध्ये माझ्या मागे भिंतीवर पांडुरंग आणि खाली खाटेवर तूर निवडणारी आजी दिसायची.

एका रविवारी मला वाटलं, हिच्या गोष्टी नीट रेकॉर्ड करून ठेवाव्यात. फोन समोर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि टीव्हीवरच्या मुलाखतीसारखं विचारलं, "आजी, रझाकारांच्या काळाविषयी सांग ना."

ती फोनकडे बघत राहिली. मग जी गोष्ट मला पाठ होती तीच, त्याच शब्दांत, दोन मिनिटांत सांगून मोकळी झाली. "मग तू मागे म्हणालीस की तुला आत टाकलं होतं?" मी विचारलं.

"कामून इचारायलीस? झालं गेलं." थोड्या वेळानं म्हणाली, "पेव उघडलं की लगेच उतरू नये बाई. आतली हवा मारती."

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला धान्याचा खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. वर्षभर ज्वारी आत बंद राहते आणि हवा कोंडून विषारी होते. म्हणून तोंड उघडल्यावर आधी वाट बघायची. मग कंदील खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. आजीनं मला हे शेतीची माहिती म्हणून सांगितलं, की दुसरं काही म्हणून, ते मी विचारलं नाही. फोन उचलला आणि तिच्यासोबत तूर निवडायला बसले.

त्यानंतर रेकॉर्डिंग केलं नाही. 'तेव्हा काय झालं' असंही विचारलं नाही. अंबाडी खुडताना, लसूण सोलताना एखाद्या वस्तूविषयी विचारायचे. पेवात अंधार होता का? वास कसला होता? अंगावर काय होतं? गोष्ट विचारली की आजी पाठ केलेलं सांगायची. वस्तू विचारली की तिला खरं आठवायचं.

* * *

आजीचं माहेर औसा तालुक्यातलं. तेव्हा तो भाग निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होता; लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरलाच वकिली करायचा. त्यामुळे आमच्या इतिहासाच्या पुस्तकात जे एका परिच्छेदात संपतं, ते तिथं शेजारच्या बाजारात घडत होतं. १९४८ च्या उन्हाळ्यात टोळ्या येतायत अशी आवई उठली की गावं रिकामी व्हायची. ज्यांना जमलं ते सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेले.

आजी दहा-अकरा वर्षांची होती. तिच्या आईनं तिला उचलून रिकाम्या पेवात सोडलं आणि वर झाकण ओढलं. "आत किती वेळ होतीस?" "ठावं नाही. पन मला मुतायला झालं व्हतं, अन् दाण्याच्या जागी कसं करायचं म्हनून मी रडत व्हते."

हे आमच्या गोष्टीत नव्हतं. आणि पुढचंही नव्हतं. पेवातून काढल्यावर आठ दिवसांत तिचं लग्न लावलं. वयात येणारी पोर घरात ठेवायची भीती वाटायची, म्हणून त्या वर्षी गावात अशी बरीच लग्नं झाली. हळद नाही, वाजंत्री नाही. चुडा भरायला मन्यारीण रात्री, दिव्याशिवाय आली. अंधारात चाचपडत तिनं आजीचा हात दाबला आणि बांगड्या चढवल्या. एकही फुटली नाही. तिनं पैसे घेतले नाहीत.

"मन्यारीण म्हणजे मुसलमान ना?" मी विचारलं.

"व्हय. लई मऊ हात व्हता तिचा."

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आजी दिवाळीला माहेरी आली, तेव्हा मन्यारणीचं घर उघडं पडलं होतं. दार नव्हतं. तिनं आईला विचारलं, "चाची कुठं गेली?" आईनं थोबाडीत मारली. "पुन्हा नाव काढू नको."

मी रात्री मोबाइलवर शोधत बसले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नव्हता. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली असा तिचा अंदाज होता. सगळ्यांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून तिनं नावं घेतली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची. म्हणजे आजीचं माहेर आणि आजीचं सासर. बक्षिसाच्या भाषणात मी रझाकारांचे अत्याचार सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. पण त्या मांडवात, त्याच जिल्ह्यांत, नंतरचं कुणीच बोललं नव्हतं. मीही नाही.

मला वाटतं, आजी गप्प राहायला शिकली ती त्या थोबाडीत.

* * *

"लग्न झालं म्हणजे आजोबांशी?"

हा प्रश्न मी सहज विचारला होता. हिशेब मी केलाच नव्हता. आमचे मोठे काका १९६१ चे. आजीचं लग्न १९४८ चं. मधल्या बारा-तेरा वर्षांचं घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं.

आजीनं लसणाची पाकळी सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाली, "तुझ्या आज्यासंगं मपला पाट लागला."

तुमच्यातल्या काहींना हा शब्द माहीत नसेल. मलाही नीट नव्हता. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्या समाजात त्याला मनाई नव्हती, पण मानही नव्हता. पाट रात्री लावायचा, वाजवायचं-गाजवायचं नाही, नवराबायकोनं उजाडेपर्यंत कुणाला तोंड दाखवायचं नाही. आणि पाटाची बाई जन्मभर शुभकार्यात मागे. हळद लावायला नाही, ओटी भरायला नाही.

लहानपणापासून पाहिलेलं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. घरातल्या प्रत्येक लग्नात आजी मागच्या अंगणात चुलीपाशी. 'तिला गर्दी आवडत नाही,' असं आई म्हणायची. ताईच्या लग्नात मी तिला ओढत मांडवात आणलं होतं, हळदीच्या वाटीपर्यंत. तिनं हात झटकला आणि निघून गेली. मी तिच्यावर रुसले होते.

पहिला नवरा तापानं तीन दिवसांत गेला, १९५८ च्या सुमारास. आजी विशीतली. दोन वर्षांनी भावानं नांदेडकडचं स्थळ काढलं. लोहा तालुक्यातला, बायको वारलेला, मूलबाळ नसलेला माणूस. तेवढ्या वर्षांत तिच्या पायाखालचं राज्य दोनदा बदललं होतं. निजामाच्या राज्यात पहिलं लग्न, मुंबई राज्यात वैधव्य आणि पाटाच्या आगेमागे महाराष्ट्र. प्रत्येक वेळी गावात झेंडावंदन झालं असेल. तिच्या बाजूचा नियम मात्र एकाही राज्यात बदलला नाही: बाई जाऊ शकते, लेकरू जाऊ शकत नाही.

"लेकरू?"

"लेक व्हती मला. साडेतीन वर्षांची."

सासऱ्यानं सांगितलं होतं, रक्त आमचं आहे, ते इथंच राहील. ती पहाटे निघाली तेव्हा लेक झोपली होती. उठवू नको, रडंल, असं जाऊ म्हणाली. म्हणून उठवलं नाही.

आजी लसूण सोलत राहिली. त्या दिवशीच्या भाजीत लसूण फार झाला होता. आई कुरकुरली. आम्ही दोघी काही बोललो नाही.

* * *

मग बाकीच्या दोन गोष्टीही उलगडायला लागल्या.

दुष्काळाची गोष्ट पप्पांची आवडती. ते तेव्हा दहा वर्षांचे. रस्त्याचं काम, खडीचे ढीग, दुपारी मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो ज्वारी. त्या भाकरीची चव सांगताना ते अजून तोंड वाकडं करतात. "माय पगारातले पैसे पदराच्या वेगळ्या गाठीत बांधायची," ते सांगायचे, "आम्हाला वाटायचं, आमच्या पुस्तकांसाठी."

त्या गाठीतून आजीनं एक लुगडं घेतलं होतं. हिरवं, लाल काठाचं. त्या वर्षी लेकीचं लग्न ठरल्याचं माहेराकडून कळलं होतं. बोलावणं येणार नव्हतंच. बाजार करत गावोगाव फिरणाऱ्या एका कासाराच्या हाती तिनं लुगडं पाठवलं आणि सांगितलं, लांबच्या मावशीनं दिलं म्हण. मजुरीचे पैसे कमी का, म्हणून आजोबांनी मारलं. तिनं मार खाल्ला, नाव सांगितलं नाही.

तिसरी गोष्ट तर आम्ही सगळ्यांनी जवळून पाहिलेली, म्हणजे माझा जन्म व्हायचा होता, पण पप्पांनी पाहिलेली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून दमलेली गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं आडवी झाली. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंप ६.४ रिश्टरच्या आतबाहेरचा. यापेक्षा मोठे भूकंप कमी माणसं मारून गेले आहेत. इथं मारलं ते घरांनी. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडाच्या आढ्यावर रचलेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली घरं झोपलेल्या माणसांवर बसली.

आजोबा तोवर वारले होते. नांदेडहून भाकरी आणि चादरी घेऊन एक ट्रक निघणार असल्याचं कळलं. आजी पप्पांना म्हणाली, "मला बसव." पप्पांनी हात दिला आणि ती वर चढली. पंचावन्न वर्षांची बाई, चादरींच्या गठ्ठ्यांवर, लोहा, अहमदपूर, लातूर असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, वर पाऊस.

लेकीचं गाव उरलं नव्हतं. आजी ढिगाऱ्यातून एकेकाला लेकीच्या सासऱ्याचं नाव घेऊन विचारत फिरली. जावई गेला होता. धाकटा नातू गेला होता. लेक जिवंत होती. मांडीवर आढं पडलेलं, लातूरला दवाखान्यात नेलेली.

आजी अकरा दिवस तिच्या उशाशी बसली. पाणी पाजलं, वेणी घातली, भांडं दिलं. दुसऱ्या दिवशी लेक शुद्धीवर आली आणि तिनं विचारलं, "तुमी कोन?"

"नांदेडहून आले बाई. मदतीला."

आमच्या घरात तीस वर्षं सांगितली गेलेली 'मदतीला गेली होती' ही गोष्ट मुळात तिचंच वाक्य होतं.

"आजी, तू सांगितलं का नाहीस?" हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"तिचा नवरा गेल्ता, लेकरू गेल्तं. अन् मी कोन्या तोंडानं म्हनू, मी तुपली माय हाय? निजलेली टाकून आलेली?"

अनंत चतुर्दशीच्या रात्री आजी दर वर्षी अंगणात बाज टाकून झोपायची. भूकंपाची भीती बसली, असं आम्ही म्हणायचो. मच्छरदाणीवरून चेष्टाही करायचो.

* * *

पप्पांना मी आजीच्या परवानगीनं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि चष्मा पुसत होते. मग स्कूटर काढून गेले ते रात्री परतले. जेवताना एवढंच म्हणाले, "मीच हात दिला होता तिला ट्रकमध्ये. विचारायला पाहिजे होतं, कुठं चाललीस."

आत्याचा नंबर शोधायला फार कष्ट पडले नाहीत. आजीच्या माहेरचा एक चुलतभाऊ मला इन्स्टाग्रामवर सापडला, त्याच्या आईला सगळं ठाऊक होतं. लोकांना ठाऊकच असतं. फक्त आमच्या घरात ठाऊक नव्हतं.

मी फोन केला तेव्हा काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. "मी नांदेडहून बोलतेय," एवढंच वाचलं आणि पलीकडून म्हातारा आवाज आला, "मायची नात हायेस का?"

तिला माहीत होतं. सत्तावीस वर्षांपासून. "परकी बाई अकरा दिवस उशाशी बसती व्हय? दवाखान्यात किती बाया आल्या मदतीला. दोन भाकरी दिल्या अन् गेल्या." मग तिनं तरी का विचारलं नाही? "तिनं सांगितलं नाही. म्हनलं, तिचं तिकडं घर असंल, लेकरं असतील. मी नाव घेतलं अन् तिला कुनी घराबाहेर काढलं तर?"

लुगड्याचंही तिला माहीत होतं. लांबची मावशी तिला नव्हतीच. घर पडलं तेव्हा ते माळवदाखाली राहिलं. पुनर्वसनात मिळालेल्या सिमेंटच्या घरात ती राहते, पण निजते अजून बाहेरच्या पत्र्याखाली.

लॉकडाऊन होता, आजीचा गुडघा होता, आत्याचा पाय होता. भेट ठरत होती आणि लांबत होती. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. मी फोन आजीच्या हातात दिला आणि बाहेर जायला निघाले, पण तिनं माझी ओढणी धरून ठेवली. मला वाटलं होतं, दोघी रडतील. त्यांनी पावसावर बोलायला सुरुवात केली. तिकडं सोयाबीन कसं आहे, इकडं गोदावरीला पाणी किती आहे. जेवलीस का. काय केलं. पाय दुखतो का थंडीत. वीस मिनिटं. शेवटी आजी म्हणाली, "निजली व्हतीस तू." आणि आत्या म्हणाली, "नव्हते निजले. डोळे मिटले व्हते."

फोन ठेवल्यावर आजी बराच वेळ हातातल्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "आवाज मपल्या मायसारखा हाय तिचा."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता आत्याचा फोन यायचा. सातला माझ्या मीटिंग असायच्या. माझ्या टीमला सोयाबीनचे भाव पाठ झाले होते.

दिवाळीनंतर प्रवास करू, असं ठरलं होतं. आजी दसऱ्याच्या आधी गेली. झोपेत.

आत्या आली, गाडी करून, काठी टेकत. पप्पा दारात उभे होते. साठीच्या उंबरठ्यावरचा माझा बाप तिच्या पाया पडला. ती आजीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि आम्ही उचलेपर्यंत सोडला नाही. हळद-कुंकू कुणी लावायचं, यावर बायकांत कुजबुज झाली. आईनं करंडा आत्याच्या हातात दिला.

रात्री काकांनी पेपरला द्यायचा मजकूर लिहिला. तो साचा तुम्हाला माहीत आहे. रोज छापून येतो. 'त्यांच्या पश्चात तीन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' पप्पांनी कागद घेतला, पेन मागितलं, 'तीन मुले' च्या आधी बाण काढला आणि लिहिलं: 'एक मुलगी'.

दुसऱ्या दिवशी पेपर आल्यावर फोन सुरू झाले. सांत्वन झालं की माणसं जरा थांबायची आणि विचारायची, सर, ते मुलगी चुकून छापलंय का? तुम्हाला बहीण नव्हती ना?

पप्पा प्रत्येकाला तेच सांगत होते. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते.

"आहे. सगळ्यांत मोठी. किल्लारीकडं असते."